ग्लासगोत राहायचं तर

आमच्या शाळेत दरवर्षी एखादा तरी मुलगा विचारतोच, "टीचर, रे रोडमधला 'रे' म्हणजे कोण?" मी सांगते, लॉर्ड रे हे १८८५ ते १८९० या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. घराणं मूळचं स्कॉटलंडचं. तिथे अगदी उत्तरेला केथनेस नावाचा परगणा आहे, त्यात रे नावाचं छोटं गाव आहे. त्या गावावरून त्यांची पदवी, आणि पदवीवरून आपल्या रस्त्याचं आणि स्टेशनचं नाव. मुलं "अच्छा" म्हणतात आणि विसरून जातात. मीही हे उत्तर पाठ झाल्यासारखं देत असे. पण २०२४ च्या उन्हाळ्यात माझ्या लेकीला त्याच स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात जहाजबांधणीच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला आणि स्कॉटलंड एकदम आमच्या घरात आलं.

खरं म्हणजे ग्लासगो हा शब्द आमच्या घरात जुनाच. माझे नाना रत्नागिरीकडचे, जहाजावर खलाशी. ग्लासगोच्या अँकर लाईन कंपनीच्या बोटीवरून ते मुंबई ते ग्लासगो असा प्रवास करत. ते 'गलासगू' म्हणायचे आणि धूर, पाऊस, क्लाइड नदीकाठचे जहाजांचे कारखाने यांच्या गोष्टी सांगायचे. आणि आम्ही राहतो दारूखान्याच्या तोंडाशी, जिथे जुनी जहाजं तोडली जातात. लहानपणापासून लेकीने जहाजाचे तुकडे होतानाच पाहिलेले. ती म्हणायची, "अम्मी, मला ती बांधायची आहेत."

व्याजाचं कर्ज काढायचं नाही, हे घरात आधीच ठरलं होतं. माझ्या बांगड्या गेल्या, गावाकडची थोडी जमीन गेली, दिराने कर्जे-हसना दिलं. व्हिसा हातात आला, आणि त्याच दिवसांत टीव्हीवर इंग्लंडच्या दंगली दिसू लागल्या. साउथपोर्ट गावात तीन लहान मुलींचा खून झाला. मारेकरी मुसलमान आहे अशी खोटी अफवा पसरली आणि जमावाने तिथल्या मशिदीवर दगडफेक केली. लेकीचे अब्बा म्हणाले, "पैसे गेले तरी चालतील. पाठवायचं नाही."

मी काही बोलले नाही, कारण माझ्या मनातही तेच होतं. डिसेंबर १९९२ मध्ये मी पंधरा वर्षांची होते. ती रात्र आणि पुढचा जानेवारी मुंबईत ज्यांनी काढला, त्यांना जमावाचा आवाज समजावून सांगावा लागत नाही. मी लेकीला एवढंच म्हटलं, "गेलीसच, तर खाली मान घालून जा आणि खाली मान घालून ये. कुणात फार मिसळू नकोस."

त्या रात्री आपाला फोन लावला. आपा म्हणजे माझी मावसबहीण. बावीस वर्षांपासून ग्लासगोच्या पोलोकशील्ड्स भागात राहते, तिथल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. मला वाटलं होतं ती म्हणेल, इथे काही भीती नाही, बिनधास्त पाठव. पण ती तसं म्हणाली नाही.

"इथे स्कॉटलंडात तशी दंगल झालेली नाही," ती म्हणाली, "पण इथे कधी काहीच होत नाही असं मी सांगणार नाही. बसमध्ये माझ्या स्कार्फवरून दोनदा शिव्या खाल्ल्यात. एकदा मी रडत घरी आले, एकदा ड्रायव्हरने त्या माणसाला खाली उतरवलं. आता तुला दुसरी गोष्ट सांगते." आणि तिने केनम्युअर स्ट्रीटची हकिकत सांगितली.

१३ मे २०२१. ईदचा दिवस. आपाच्या घरापासून जवळच असलेल्या या रस्त्यावर सकाळी इमिग्रेशन खात्याची गाडी आली आणि दोन भारतीय पुरुषांना घेऊन निघाली. एक माणूस सरळ गाडीखाली जाऊन आडवा झाला. आजूबाजूचे लोक बाहेर आले, गाडीभोवती रस्त्यावर बसले. दुपारपर्यंत शेकडो माणसं जमली. कुणी पाणी आणलं, कुणी खाणं. मागणी एकच होती, हे आमचे शेजारी आहेत, यांना सोडा. सुमारे आठ तासांनी पोलिसांनी त्या दोघांना सोडून दिलं.

"ईदचा शीरखुर्मा मी त्या दिवशी रस्त्यावर वाटला," आपा म्हणाली. "म्हणून सांगते, पोरीला पाठव. पण ते 'कुणात मिसळू नकोस' तिच्या डोक्यातून काढ. इथे येऊन जो कुणात मिसळत नाही, त्याचंच वाईट होतं."

लेकीने वही काढली. पुढचे तीन आठवडे रोज रात्री आपाचा फोन आणि हिची वही. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या मुली आता शिकायला बाहेर जातात, म्हणून त्या वहीतलं कामाचं तेवढं इथे देते.

पहिला धडा आम्ही ठेच लागतालागता शिकलो. इंटरनेटवर एक सुंदर खोली दिसली. 'मालक' म्हणाला, बरेच जण रांगेत आहेत, सहाशे पौंड आजच पाठवा. आम्ही पाठवणारच होतो. आपा म्हणाली, थांबा. दोन बस बदलून ती त्या पत्त्यावर गेली. तिथे एक कुटुंब सुखाने नांदत होतं, त्यांना घर भाड्याने द्यायचंच नव्हतं. तेव्हा घर स्वतः किंवा आपल्या माणसाने पाहिल्याशिवाय पैसा पाठवू नये. स्कॉटलंडमध्ये भाड्याने घर देणाऱ्या प्रत्येक खासगी मालकाला नोंदणी करावीच लागते, आणि तो नोंदणी क्रमांक कुणालाही तपासता येतो. एकमेकांच्या नात्यात नसलेली तीन किंवा जास्त माणसं एका घरात राहणार असतील, तर मालकाकडे त्याचा वेगळा परवाना लागतो. अनामत रक्कम दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. ती मालकाने स्वतःच्या खिशात ठेवायची नसते, तीस कामकाजाच्या दिवसांत सरकारमान्य योजनेत भरायची असते. पूर्णवेळ विद्यार्थ्यांना तिथली घरपट्टी, म्हणजे कौन्सिल टॅक्स, माफ असतो. पण विद्यापीठाचं पत्र दाखवून तसं कळवावं लागतं.

शेवटी डेनिस्टन भागात दोन मुलींबरोबर खोली मिळाली. तिथली जुनी घरं म्हणजे आपली चाळच समजा, फक्त दगडी आणि बंद. चार मजली इमारत, मधोमध सामाईक जिना. या जिन्याला आणि बोळाला 'क्लोज' म्हणतात. जिना धुण्याची पाळी प्रत्येक घराकडे येते. पाळी चुकवणाऱ्याबद्दल शेजारी काय बोलतात, हे चाळीत वाढलेल्यांना सांगायला नको. आपाने वहीत ठळक लिहायला लावलं होतं, "पाळी कधीही चुकवायची नाही, आणि आपल्या पाळीच्या दिवशी जिन्यात भेटेल त्याच्याशी बोलायचं."

स्वयंपाकाबद्दल तिची ताकीद वेगळीच होती. २०२२ पासून तिथल्या प्रत्येक घरात धुराचे भोंगे एकमेकांना जोडलेले असणं सक्तीचं आहे. एक वाजला की सगळे वाजतात. फोडणी देताना स्वयंपाकघराचं दार बंद, खिडकी उघडी. कपडे बंद खोलीत वाळत घालू नयेत, भिंतीला बुरशी धरते. आटा, मसाले, हलाल मटण यांसाठी पोलोकशील्ड्समधली अल्बर्ट ड्राइव्ह किंवा गव्हनहिलमधली ॲलिसन स्ट्रीट गाठावी. आणि कोकणी माणसाने बांगड्याची चिंता करू नये, तिथे बांगड्यासारखाच मॅकरेल ताजा मिळतो. मिठाईच्या, जेलीच्या पाकिटावर 'जिलेटिन' लिहिलंय का ते पाहावं. नळाचं पाणी खुशाल प्यावं. ग्लासगोला १८५९ पासून लॉक कॅट्रिन या सरोवराचं पाणी येतं, आपल्याकडे विहार तलावाचं पाणी आलं साधारण त्याच सुमारास. मात्र संडासात पाणी नसतं. "बदना बॅगेत टाक," आपा म्हणाली, "लाजू नकोस. मी पहिल्या वर्षी झाडांना पाणी घालायची झारी वापरली."

नमाजच्या वेळांनी मात्र लेक गोंधळली. डिसेंबरात तिथे सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि पावणेचारला मावळतो. म्हणजे जोहर, असर आणि मगरीब तिन्ही कॉलेजच्या वेळेत येतात. जूनमध्ये उलट, सूर्य साडेचारला उगवून रात्री दहानंतर मावळतो आणि पूर्ण अंधार पडतच नाही, त्यामुळे इशाच्या वेळेबद्दल वेगवेगळे हिशेब असतात. आपाचं म्हणणं, वाद घालू नये, जवळच्या मशिदीचं वेळापत्रक धरावं. क्लाइड नदीच्या दक्षिण काठावर ग्लासगो सेंट्रल मशीद आहे, तिथे बायकांनाही जागा आहे. विद्यापीठात नमाजची खोली कुठे आहे, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे जातात, मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे येतात. घरी फोन करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, फरक हिवाळ्यात साडेपाच तासांचा, उन्हाळ्यात साडेचारचा.

आजारपणासाठी व्हिसाबरोबरच दरवर्षाचे ७७६ पौंड आपण भरलेले असतात. म्हणून पोहोचल्यावर आठवडाभरात घराजवळच्या डॉक्टरकडे नाव नोंदवावं. ताप आल्यावर नोंदवायला जाऊ नये. स्कॉटलंडमध्ये डॉक्टरने लिहून दिलेली औषधं २०११ पासून मोफत आहेत. रात्रीबेरात्री सल्ल्यासाठी १११, जिवावर बेतलं तर ९९९. गडद रंगाच्या आणि अंग झाकून वावरणाऱ्या बायकांनी तर बारा महिने ड जीवनसत्त्वाची गोळी घ्यावी, असं तिथलं आरोग्य खातंच सांगतं. विद्यार्थ्याला शिकत असताना आठवड्याला वीसच तास काम करता येतं. एम.एस्सी.वाल्यांना उन्हाळाही सुट्टी नसतो, कारण प्रबंध चालू असतो. एखादा दुकानदार, मग तो आपल्यातला का असेना, "नोंद न करता जास्त तास कर" म्हणाला, तर सलाम करून बाहेर पडावं. व्हिसा गेला तर तो दुकानदार काही देणार नाही.

प्रवासाचं वाचून मला हसू आलं. १८९६ पासून तिथे जमिनीखालून धावणारी छोटी रेल्वे आहे. स्टेशनं पंधरा, आणि मार्ग एकच गोल. उलट्या दिशेची गाडी पकडली तरी माणूस पोहोचतोच, चोवीस मिनिटांत चक्कर पूर्ण. आपल्या रे रोडला गोरेगावऐवजी पनवेल गाडीत चढलेल्याला विचारा! बावीस वर्षांखालच्यांना बस मोफत आहे. आमची लेक चार महिन्यांनी हुकली. बसमधून उतरताना ड्रायव्हरला 'थँक्यू' म्हणायचंच. तिथल्या बोलीत दुकानातून आणायच्या सामानाला 'मेसेजेस' म्हणतात, आणि कुणी 'हाउ?' म्हटलं की बरेचदा त्याला 'का?' असं विचारायचं असतं. समजलं नाही तर पुन्हा विचारायचं, माणसं चिडत नाहीत.

वहीच्या अगदी पहिल्या पानावर आपाने एकच ओळ लिहून घेतली होती. सामान लावायच्या आधी, पहिल्या आठवड्यात, खालच्या-वरच्या घरांची दारं वाजव, नाव सांग, हातात काहीतरी खायचं घेऊन जा.

ही ओळ मला आवडली नव्हती. अनोळखी देशात मुलीने परक्यांची दारं का वाजवायची? तरी लेक नानखटाईचा डबा घेऊन गेली. वरच्या घराने दार उघडलं नाही. समोरच्या मुलाने डबा पाहून "मी गहू खात नाही" असं सांगितलं. खालच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजी होत्या, सत्तरीच्या पुढच्या. त्यांनी दोन नानखटाया घेतल्या, नाव तीनदा विचारून घेतलं आणि दार लावलं. लेक फोनवर म्हणाली, "अम्मी, पुन्हा नाही जाणार." मला मनातून बरं वाटलं. पुढच्या आठवड्यात हिच्या डाळीच्या फोडणीने भोंगे वाजले आणि आजीच जिना चढून वर आल्या, टॉवेलने भोंग्याखाली वारा घालायचा कसा ते दाखवायला.

मग २४ जानेवारी २०२५ चा शुक्रवार आला. एओविन नावाचं वादळ येणार होतं. आदल्या संध्याकाळी तिथे सगळ्यांचे फोन सायरनसारखे वाजले. ग्लासगोला लाल इशारा होता, शाळा बंद, स्कॉटलंडभर रेल्वे बंद. घरातल्या दोन्ही मुली बाहेरगावी गेलेल्या, आमची एकटी. आपाला तिच्यापर्यंत पोहोचायला वाहन नाही. आमच्याकडे संध्याकाळचे साडेपाच वाजले असताना तिचा शेवटचा निरोप आला, "लाइट गेली." त्यानंतर फोन लागेना.

मगरीब झाली, इशा झाली. तिचे अब्बा रे रोड स्टेशनपर्यंत चालत जाऊन परत आले, पुन्हा गेले. मी तसबीह घेऊन बसले होते, पण मोजणी चुकत होती. सारखं आठवत होतं की मीच तिला सांगितलं होतं, कुणात फार मिसळू नकोस.

रात्री साडेदहाला फोन आला. मागे चहाच्या कपांचा आवाज. लाइट गेल्यावर पंधरा मिनिटांत आजींनी दार वाजवलं होतं. "माझ्याकडे गॅस आहे, तुझ्याकडे विजेची शेगडी, तू खाली ये." त्यांनी मसुराचं सूप केलं होतं. वाटी पुढे करण्याआधीच म्हणाल्या, "नेहमी यात हॅम घालतात. आज नाही घातलं." मगरीबची वेळ झाली तेव्हा पडदे ओढून विचारलं, तुझी दिशा कोणती? लेकीने मेणबत्तीच्या उजेडात त्यांच्या बैठकीच्या खोलीत नमाज पढली, आणि आजी तेवढा वेळ स्वयंपाकघरात बसून राहिल्या. फोन चार्ज नव्हता, म्हणून आम्हाला कळवता आलं नाही. लाइट आल्याबरोबर आजींनीच आठवण केली, "आधी आईला फोन कर."

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि १९९२ चा तो डिसेंबर पुन्हा आठवला. पण या वेळी त्यातलं दुसरं काहीतरी आठवलं. आमच्या चाळीच्या जिन्याच्या तोंडाशी दोन रात्री खुर्ची टाकून बसले होते ते वरच्या मजल्यावरचे काका, गिरणीत कामाला असलेले. काकूंनी आम्हा बहिणींना त्यांच्या घरात झोपवलं होतं. त्यांनी हे का केलं, याचा मी कधी विचारच केला नव्हता. पंधरा वर्षं आमच्या घरून त्यांच्याकडे ईदचा शीरखुर्मा गेला होता, आणि त्यांच्याकडून दिवाळीच्या करंज्या आल्या होत्या. अम्मी रस्सा पातळ करून का होईना, वाटीभर वर पाठवायची आणि म्हणायची, रसूलुल्लाहची (स.) शिकवण आहे. त्यात शेजारी कोणत्या धर्माचा, याची अट तिने कधी घातली नाही. मला त्या दिवसांतला जमाव लक्षात राहिला आणि काका विसरायला झाले. लेकीला मी जमावावरून सल्ला दिला, आपाने काकांवरून.

भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. मार्चमध्ये लेकीलाही बसस्टॉपवर एकाने घाण बोलून घेतलं. तिने आपाच्या वहीप्रमाणे १०१ वर पोलिसांत तक्रार नोंदवली आणि घरी आम्हाला त्याच दिवशी सांगितलं. "सगळं ठीक आहे" असं खोटं सांगायचं नाही, हा नियम आम्ही वादळानंतर केला. ऐकून पोटात गोळा आलाच. पण त्या संध्याकाळी ती कुठे होती, हे मला माहीत होतं. रमजान चालू होता, आणि इफ्तारला ती आजींना वर घेऊन आली होती. आजींना खजूर आवडला, रूह अफजा अजिबात नाही.

परवा आमच्याच गल्लीतली एक आई आली होती. तिची मुलगी सप्टेंबरात एडिनबराला जाते आहे. तिने विचारलं, "टीचर, बॅगेत काय काय द्यायचं?" मी लेकीची वही तिच्यापुढे ठेवली. ती भराभर पानं उलटून सामानाची यादी शोधू लागली. मी तिला पहिल्या पानावर परत आणलं आणि म्हटलं, हे आधी उतरवून घ्या. बदना आणि मसाले मागून पाठवता येतील.